फडक्याचं दुसरं टोक

सुवार्ता आढाव चोवीस डिसेंबरच्या सकाळपासून चार वेळा राधाबाईच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. पहिल्यांदा गेली तेव्हा हातात बादली होती, म्हणजे पाण्याला निघाल्यासारखं दिसलं. दुसऱ्यांदा केरसुणी होती. तिसऱ्यांदा हातात काहीच नव्हतं, आणि रिकाम्या हातानं माणूस गॅलरीत फेऱ्या मारायला लागलं की काळाचौकीच्या दळवी चाळीत लगेच चार डोकी दारांतून बाहेर येतात. म्हणून चौथ्यांदा तिनं पोरांच्या वह्यांचा गठ्ठा उचलला. ती म्युनिसिपालटीच्या शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई होती खरी, पण शाळेला कालच नाताळची सुट्टी लागली होती. वह्या घेऊन कुठे निघालात, असं कुणी विचारलं असतं तर तिची पंचाईतच झाली असती.

घरात मोठ्या पातेल्यात काळ्या मनुका रात्रीपासून भिजत होत्या आणि आता टम्म फुगल्या होत्या. ह्या वर्षी नाताळ आणि रविवार एकाच दिवशी आले होते. गिरगावच्या चर्चमध्ये उद्या सकाळी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळीतला प्रत्येक जण भाकरीचा तुकडा खाणार आणि घोटभर द्राक्षरस पिणार. राज्यात दारूबंदी, आणि ह्या मंडळीला तर ती सरकारच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा रस काढायचा तो मनुकांचा. रात्री भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, निवल्या की फडक्यात घालून पिळायच्या. दर महिन्याच्या प्रभुभोजनाचं हे काम आढावांच्या घरात सासूकडून आलेलं. आधी सुवार्ताचा नवरा गेला, मग नऊ वर्षांपूर्वी सासू राहेलबाई गेली, पण रस कधी चुकला नाही.

राहेलबाईचा एक दंडक होता. पातेलं चुलीवर चढवायच्या आधी, ज्याच्याशी आपला अबोला असेल त्याच्याकडे जाऊन तो मोडून यायचं. एकदा ती म्हातारी भर उन्हात परळच्या वखारीपर्यंत चालत गेली होती, कारण आदल्या दिवशी कोळसेवाल्याला चोर म्हणाली होती. कोळसेवाला चोरच होता. घरी आल्यावर तिनं सुनेला तसं सांगितलंही, पण अबोला मोडून आली. मनात राग ठेवून पिळलेला रस मी देवाच्या माणसांच्या ओठाला लावणार नाही, असं तिचं म्हणणं. सुवार्तानं हा दंडक नऊ वर्षं पाळला. शाळेच्या हेडमास्तरांपासून दूधवाल्या भय्यापर्यंत सगळ्यांशी जमवून घेतलं. राधाबाईशी मात्र तीन आठवडे शब्द नव्हता.

राधाबाई मालवणकडची. तिचा नवरा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि एकुलता एक मुलगा दत्ताराम गिरणीत कमी आणि मोर्च्यात जास्त असायचा. पंधरा वर्षांचा शेजार होता. दिवाळीला तिकडून चकल्या यायच्या, नाताळला इकडून करंज्या जायच्या. पण ह्या दोघींच्या मधे त्याहून मोठी एक गोष्ट होती. मनुका एकट्या बाईला पिळता येत नाहीत. चार हात लांब पांढरं फडकं, मधे मनुकांचा लगदा, आणि दोन टोकांना दोघी जणी हव्यात. राहेलबाई असताना सासू-सून पिळायच्या. राहेलबाई गेल्यावर पहिल्याच महिन्यात राधाबाई न बोलावता आली आणि म्हणाली, धरतंय मी. त्या दिवसापासून दर वेळी ती डोक्यावरून न्हाऊन यायची आणि त्या दिवशी मासळी खायची नाही. मालवणी माणसानं आपण होऊन मासळी सोडायची म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे चाळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. तुमचो देव असलो तरी देवच ना, एवढंच ती म्हणायची.

म्हणूनच तीन डिसेंबरला जे झालं ते सुवार्ताच्या जिव्हारी लागलं होतं.

नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यानंतर पोलीस गिरणगावातून पोरं वेचून न्यायला लागले. दत्तारामचं नाव त्यांच्या यादीत होतं. तीन तारखेला, शनिवारी दुपारी, दोघींचं पिळून नुकतंच झालं होतं आणि राधाबाई घरी गेली होती. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. दत्ताराम घरातच होता. राधाबाई दार अडवून गॅलरीत उभी राहिली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या घरात काय शोधतलात? दारू गळता ती खोली बघा, ती टोकाची."

पोलीस टोकाच्या खोलीत शिरले. काळपट रसाचं पातेलं, मनुकांचा चोथा, भरायला घेतलेल्या बाटल्या. दारूबंदीच्या दिवसांत पोलिसाला ह्यापेक्षा जास्त काय हवं? बाटलीभर नमुना काढून बाकीचा रस त्यांनी मोरीत ओतला आणि पहिलीच्या वर्गाच्या बाईंना भर दुपारी, चाळीच्या मधोमध चालवत चौकीवर नेलं. तेवढ्या वेळात दत्ताराम मागच्या जिन्यानं पसार झाला.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब हेमचंद्र थोरात जामीन राहिले तेव्हा ती सुटली. मंडळीच्या पंचांनी, निकाल लागेपर्यंत रसाचं काम दुसऱ्या कुणी करावं, असं ठरवून टाकलं. शाळेत तिसरीतल्या एका कार्ट्यानं फळ्यावर बाटलीचं चित्र काढलं. दोन आठवड्यांनी सरकारी प्रयोगशाळेचा कागद आला की नमुन्यात मद्यार्क नाही. पाळकसाहेबांनी निरोप धाडला, नाताळचा रस तुम्हीच करायचा. सगळं जागच्या जागी आलं. राग तेवढा जाईना.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर सुवार्तानं त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण राधाबाईच्या हातांना त्या वेळी मनुकांचा वास येत होता. नऊ वर्षं फडकं धरलेल्या बाईनं, हे काय आहे ते पुरतं ठाऊक असताना, त्याला दारू म्हटलं होतं. सुवार्ता रोज सकाळी प्रार्थनेला बसायची, क्षमा कर म्हणायची, आणि आमेन म्हणून डोळे उघडते न उघडते तोच राग पुन्हा समोर हजर व्हायचा.

त्यातून आज पहाटे एक गोष्ट तिच्या दृष्टीस पडली होती. नळावरून येताना तिनं मफलरनं तोंड गुंडाळलेला एक माणूस राधाबाईच्या घरात शिरताना पाहिला. चालण्यावरून ओळखला. दत्ताराम तीन आठवड्यांनी आईच्या हातचं खायला आला होता. नंतर राधाबाई बाजारातून पापलेट घेऊन आली. नवरा-बायकोपुरतं आणायचं तर बोंबील आणले असते. चाळीत आणखी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या सुवार्ताला, आणि ते ठाऊक असणं सकाळपासून तिला एका जागी बसू देत नव्हतं.

नऊच्या सुमारास तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि ती गिरगावला निघाली. रस करणार नाही, असं पाळकसाहेबांच्या तोंडावर सांगून मोकळं व्हायचं ठरवून ती ट्रामकडे वळली. वाटेत चौकी लागली. त्याच पायऱ्या, तोच निळा दिवा. तिची पावलं थांबली. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेही खोटं नाही, अगदी खरं. राधाबाईनं खोटं बोलून तिला इथे आणलं होतं; ती खरं बोलून राधाबाईच्या मुलाला आणू शकत होती. हा विचार इतका गोड वाटला की ती घाबरली. पहाऱ्यावरच्या शिपायानं, काय पाहिजे बाई, म्हणून विचारलं तेव्हा तिनं नुसती मान हलवली आणि ट्रामकडे जवळजवळ धावत सुटली.

चर्चमध्ये पाळकसाहेब शिडीवर चढून कामट्यांची चांदणी टांगत होते. खाली त्यांची बायको शिडी धरून, पडाल, पडाल, असं घोकत होती. सुवार्तानं शिडीखाली उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. तो दंडक, तो अबोला, चौकीच्या पायऱ्या, सगळं. फक्त दत्ताराम घरी आलाय हे सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, माझ्याच्यानं होणार नाही, रस दुसऱ्या कुणाला सांगा.

पाळकसाहेब खाली उतरले. उपदेश येणार म्हणून तिनं मान खाली घातली, पण त्यांनी आधी धोतराला लागलेली खळ पुसली.

"मी तुम्हाला जामीन राहिलो म्हणून आपल्या एका पंचांनी तीन आठवडे माझ्याकडे पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "उद्या भाकरीचं ताट मला त्यांच्याच हातात द्यायचंय. त्यांचं तोंड मला गोड दिसावं म्हणून सकाळपासून प्रार्थना करतोय. अजून दिसलेलं नाही, सुवार्ताबाई."

"मग काय करणार?"

"ताट पुढे करणार. हात माझ्या हुकमात आहे. मन प्रभूच्या हवाली केलंय, ते त्याच्या सवडीनं येईल."

आणि ते पुन्हा शिडीवर चढले. हे काही उत्तर झालं का, असं सुवार्ताला ट्राममध्ये बसल्यावर वाटलं. पाळकानं निदान एखादं वचन तरी सांगावं. खळ पुसत बसणाऱ्या पाळकाचा तिला थोडा रागच आला. तेवढा वेळ राधाबाईचा राग बाजूला पडला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

चाळीत पोहोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आता उशीर केला तर रस निवायचा कधी आणि पिळायचा कधी? ती राधाबाईच्या दारावरून गेली. दार अर्धं लोटलेलं होतं, आतून पापलेटाच्या तिखल्याचा वास येत होता. तिनं हात उचलला. हात हुकमात असतो म्हणे. तो कडीपर्यंत गेला आणि परत खाली आला. मग ती घरी गेली, स्टोव्ह पेटवला, आणि राहेलबाईचा दंडक मोडून, मनात राग तसाच ठेवून, तिनं पातेलं वर चढवलं. ते काही तिला बरं वाटलं नाही.

रसाला पहिली उकळी फुटत होती तेव्हा जिन्यावर बूट वाजले.

ती दारात आली. गंगाधर हवालदार आणि दोन शिपाई. तीन तारखेला तिला घेऊन गेला तो हाच हवालदार. प्रयोगशाळेचा कागद आल्यापासून तो रस्त्यात दिसला की दुसऱ्या फुटपाथवर जायचा. आज मात्र तो सगळी दारं सोडून थेट तिच्याकडेच बघत गॅलरीतून आला. राधाबाई आपल्या दारात आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि एक हात मागे दाराच्या फळीवर घट्ट दाबलेला होता.

"बाई," हवालदार हळू आवाजात म्हणाला, "ह्या चाळीत खरं बोलणारं माणूस एकच आहे, हे त्या दिवशी मला कळलं. दत्ताराम घरी आलाय अशी खबर आहे. तुम्ही सांगाल तेच मी खरं धरीन."

सुवार्तानं राधाबाईकडे पाहिलं. राधाबाईनंही तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर खाली घातली. तिला कळलं होतं की सुवार्ताला ठाऊक आहे, आणि आपण हिच्याजवळ काही मागायच्या लायकीचे राहिलो नाही हेही तिला कळलं होतं. तीन आठवडे सुवार्ता हाच चेहरा बघायची वाट पाहत होती. आता तो समोर आला तर तो तिला बघवेना.

आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. पहिलीच्या पोरांना रोज जे शिकवायचं ते आपणच मोडायचं, हे तिच्यानं झालं नसतं. तेवढ्यात मागून पातेल्याचं झाकण थडथडायला लागलं.

"हवालदार," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली, "माझ्या स्टोव्हवर ह्या घडीला तेच पातेलं आहे. तेच, तुम्ही ओतून टाकलं होतं ते. आधी ते बघा."

"बाई, ते राहू द्या, मी काय विचारतोय..."

"राहू कसं द्या? उद्या पुन्हा कुणी बोट दाखवलं तर पुन्हा मला चालवत न्याल. आज माझ्या घरी या, वास घ्या, चव घ्या, आणि दारू नाही असं लिहून द्या. तिघंही या. मला पकडताना पाच जण लागले होते. सोडताना तीन तरी नकोत का?"

कुठल्यातरी दारातून हसण्याचा आवाज आला. हवालदाराच्या मनात अपराधी भावना होतीच. तो एकदा राधाबाईच्या दाराकडे बघून घुटमळला, पण सुवार्ता पाठ फिरवून चालायलाही लागली होती, आणि तिच्यामागून न जाणं त्याला जमलं नाही. शिपाईही मागोमाग आले.

तिनं तिघांना सतरंजीवर बसवलं. प्रयोगशाळेचा कागद ट्रंकेतून काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, शिक्क्यासकट. मग मनुका कुठून आणायच्या, किती तास भिजवायच्या, फुगल्या हे कसं ओळखायचं, उकळी किती यायला हवी, सगळं सांगितलं. वर्गात सांगते तसं, प्रत्येक गोष्ट दोनदा. चमच्या-चमच्यानं तिघांना चव दिली. एका शिपायानं, गोड आहे हो, म्हणून आणखी मागितला. हवालदारानं वहीच्या कागदावर चार ओळी लिहून खाली सही केली.

"आता तरी सांगा," तो उठत म्हणाला. "आहे का तो घरात?"

"आत्ता आहे की नाही मला ठाऊक नाही," सुवार्ता म्हणाली. "जाऊन बघा."

हे खरं होतं. हवालदारानं टोपी घातली, आणि राधाबाईची खोली उलटीपालटी करायला गेला. खोलीत दत्ताराम नव्हता, अर्धवट जेवलेलं एक ताट तेवढं सापडलं. हे माझंच ताट, असं राधाबाईनं सांगितलं.

ते गेल्यावर सुवार्ता स्टोव्हशेजारी भिंतीला टेकून बसली. आपण काही फार मोठं केलं असं तिला वाटत नव्हतं. उलट संतापच आला होता, राधाबाईचा, हवालदाराचा, त्या दत्तारामचा, आणि आपणही खरं बोलून नामानिराळे राहिलो म्हणून स्वतःचाही. त्या दिवशी राधाबाईनं पोलिसांना आपल्या पातेल्याकडे पाठवलं होतं. आज आपणच त्यांना हाताला धरून तिथे आणलं. हे कुठल्या बुद्धीनं केलं? प्रभूला ठाऊक, असं ती म्हणाली आणि स्टोव्ह बंद केला.

दोनच्या सुमारास रस हाताला सोसेल इतका निवला. फडक्याचं एक टोक तिनं खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं धरून पीळ द्यायला लागली. गज काही उलटा पीळ देत नाही. लगदा एका बाजूला घसरत होता, निम्मा रस फडक्यातच राहत होता, आणि तिचे डोळे उगाचच भरून येत होते.

दारात सावली पडली. राधाबाई उभी होती. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. न्हाऊन आली होती. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"त्या दिसा मियां तुझी खोली दाखयली," ती म्हणाली. "माझो झील तो, बाय. माका दुसरा काय सुचूक नाय. पण माका म्हायत होता, ह्यो रस आसा."

"मला माहीत होतं की तुला माहीत होतं," सुवार्ता म्हणाली. तीन आठवड्यांतला हा पहिला शब्द होता आणि तो मऊ नव्हता. "तेच लागलंय मला. अजून लागतंय."

राधाबाईनं पदर तोंडाला लावला. सुवार्तानं फडक्याकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं. मन अजून आलेलं नव्हतं. पण हात होता.

"मासळी खाल्लीस आज?"

"नाय. त्याका घातलंय. तोय अर्ध्यावरून उठलो."

"मग सोड ती गाठ," सुवार्ता म्हणाली, "आणि ते टोक धर."

राधाबाई आत आली, गजाची गाठ सोडली. एकीनं उजवीकडे पीळ घातला, दुसरीनं डावीकडे. नऊ वर्षांची सवय, सांगावं लागलं नाही. फडकं मधोमध ताठ झालं आणि रसाची जाड धार पातेल्यात पडायला लागली. खाली कुणीतरी घोषणा देत रस्त्यानं जात होतं.

"उद्या ह्यो कोण कोण पितले?" राधाबाईनं मान वर न करता विचारलं.

"ज्यांच्या मनात कुणाबद्दल काही नाही ते."

राधाबाईचे हात थांबले. धार बारीक झाली.

"मगे तू?"

राग कुठे आहे ते सुवार्तानं चाचपून पाहिलं. होता, जागच्या जागी होता. पण त्याचं दुसरं टोक आता तिच्या एकटीच्या हातात नव्हतं.

"पिईन," ती म्हणाली. "तू नीट धर. सुटतंय."